नवख्याची धून आणि ऐकणाऱ्याचा अभिप्राय

पत्रिकेत विषयाचे नाव वाचून पुष्कळांना हे काय नवे खूळ, असे वाटले असेल. संगीतावर बोलायचे तर ते एखाद्या गवयाने, निदान जाणकाराने बोलावे, ही अपेक्षा रास्त आहे. आम्ही गवई नाही. गेली तीस वर्षे कामगारांच्या बैठका, पत्रके आणि मालकांशी वाटाघाटी यांत गेली. पेटीवर आम्हांला धड सा लावता येत नाही. तरी हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. कारण असे की, या संगीताच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती निस्तरता निस्तरता पुष्कळ शिकावे लागले.

प्रथम ही वस्तू काय, ते सांगतो. जुन्या घरगुती संगणकांत आणि खेळयंत्रांत आवाजासाठी एक लहानशी चिप बसवलेली असे. तिच्याकडून वाजवून घेतलेले संगीत ते चिपट्यून. त्या चिपमध्ये कोणाचे गाणे मुद्रित करून ठेवलेले नसते. तिला आकडे द्यायचे आणि तिने त्या आकड्यांबरहुकूम विजेची लाट तयार करायची, एवढाच व्यवहार. १९८२ साली अमेरिकेत कमोडोर ६४ नावाचा संगणक निघाला. त्यातील सिड ही चिप बॉब यानेस यांनी आखली होती आणि तिला अवघे तीन आवाज होते. १९८३ साली जपानात निन्टेन्डोचे फॅमिकॉम आले. त्यात दोन चौकोनी लाटा, एक त्रिकोणी लाट, एक नुसता गोंगाट आणि पाचवा, मुद्रित आवाजाचा एखादा तुकडा वाजवणारा, एवढाच ताफा. १९८९ च्या गेमबॉयमध्ये चार आवाज. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायची स्वस्त खेळयंत्रे बाजारात मिळत, त्यांतली पुष्कळशी फॅमिकॉमच्याच नकला होत. तेव्हा ज्यांच्या घरात मुले होती त्यांनी कोजी कोन्डो यांची सुपर मारिओची १९८५ सालची धून, कर्त्याचे नाव ठाऊक नसताना, शेकडो वेळा ऐकली असेल. कित्येकांनी 'बंद करा ते' म्हणून ओरडूनही ऐकली असेल.

आता त्या यंत्रांचा जमाना गेला. आजच्या साध्या फोनातही अख्खा वाद्यवृंद मावतो. तरी जपान, युरोप, अमेरिका आणि थोडीफार आपल्याकडचीही तरुण मंडळी जाणूनबुजून त्या तीन-चार आवाजांच्या कोंडवाड्यात शिरतात आणि तिथे संगीत रचतात. अभंग रचणारा चरणातली अक्षरे मोजूनच रचतो. त्याला 'दोन अक्षरे जास्त का घेतली नाहीस' असे कोणी विचारीत नाही. चिपट्यूनचे बंधन त्या जातीचे आहे. ते गरिबीमुळे आलेले नाही, पत्करलेले आहे. हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा या नादाला लागला होता. सतरा-अठरा वर्षांचा, अबोल. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कचेरीत दहा-बारा मंडळी बसलेली असताना बाप कौतुकाने म्हणाला, "ऐकव रे काकांना." मुलाने आपला लॅपटॉप आमच्या सभेच्या कर्ण्याला जोडला आणि दोन मिनिटांचा एक तुकडा ऐकवला. संपल्यावर सगळे आमच्या तोंडाकडे पाहू लागले. अध्यक्षाची सवय लागलेल्या माणसाला गप्प बसणे जमत नाही. आम्ही म्हणालो, "याला खर्जच नाही. जत्रेतली पिपाणी वाटते." मंडळी हसली. मुलगाही हसला, वायर गुंडाळली आणि गेला. पुढे आठ महिन्यांनी बापाकडून कळले की, त्या दिवसापासून पोराने ते सारे बंद केले आहे.

लागलीच त्याच्या घरी गेलो. त्याने काही तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, "काका, खर्ज होता. तुम्ही हेडफोनवर ऐका." आम्ही ऐकले, आणि होता! चांगला भरघोस होता. त्रिकोणी लाटेवर त्याने खालची चाल बांधली होती आणि तीच त्या तुकड्याची खरी गंमत होती. आमचा कर्णा माणसाचे बोलणे लांब फेकण्यासाठी केलेला. खालचे सूर गिळणे हा त्याचा धर्मच. म्हणजे दोष कर्ण्याचा आणि शिक्षा पोराला. कामगाराला असा दंड झाला असता तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती.

हा प्रकार जाणत्यांच्याही बाबतीत घडतो. गेमबॉयचा स्वतःचा भोंगा रुपयाएवढा. त्यात खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात आणि हेडफोन लावला की परत येतात. सिडच्या पहिल्या आवृत्तीतील गाळणी तर दर चिपमागे थोडी निराळी असे. एकाच धूनचा रंग दोन यंत्रांवर दोन तऱ्हेचा लागे. म्हणून अभिप्रायाचे पहिले वाक्य 'आम्ही हे अमुक यंत्रावर, अमुक साधनाने ऐकले' असे असावे. हे आम्ही त्या दिवशी म्हणालो असतो तर पोराला तिथल्या तिथे उत्तर देता आले असते.

त्यानंतर सात-आठ रविवार आम्ही त्याच्यापाशी बसलो. त्याने आपला वहीखाता, म्हणजे ज्याला ही मंडळी ट्रॅकर म्हणतात तो, पडद्यावर दाखवला. या ट्रॅकरची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. कमोडोरच्या काळात रॉब हबर्डसारखे संगीतकार आपली रचना यंत्राच्या भाषेत आकडे घालूनच करीत. ती बाहेरच्या माणसाला ऐकता येई, पण उघडून सहज वाचता येत नसे. १९८७ साली कार्स्टेन ओबार्स्की यांनी अमिगा या संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा कार्यक्रम केला. त्यात प्रत्येक आवाजाला एक उभा रकाना, वरून खाली ओळी, आणि एका पानात ६४ ओळी. कोणत्या ओळीला कोणता सूर लागेल हे लख्ख लिहिलेले. धून पाठवायची म्हणजे ही वहीच पाठवायची. युरोपातली मुले फ्लॉपी चकत्या टपालाने एकमेकांना पाठवीत, आणि ज्याच्या हाती चकती पडे त्याला कर्त्याची प्रत्येक चलाखी उघडी दिसे. वाद्यांची नावे लिहिण्याची जी जागा असे, तिथे नावांऐवजी मित्रांना नमस्कार आणि निरोप लिहिण्याची चालही पडली होती. एका नावाला २२ अक्षरांची जागा. तेवढ्यात मावेल ते पत्र.

याचा अभिप्रायाशी संबंध असा की, इथे टीका करणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. कुठल्याही मैफलीत 'मधे जरा ढिले पडले' म्हणून सुटता येते. इथे कोणता रकाना, कोणते पान, कोणती ओळ, असे विचारता येते. आम्हांला ही पद्धत ओळखीची वाटली. यंत्रमागावरचा नवा कामगार येऊन 'माग बिघडला' म्हणतो. त्याला आम्ही विचारतो, माग क्रमांक किती, पाळी कोणती, तार तुटली की धोटा अडकला? तो चिडतो. पण एवढे सांगितल्यावाचून मिस्त्रीचा हात चालत नाही. (यात एक विनोद घडला. आम्ही "विसाव्या ओळीवर काहीतरी होते" म्हणालो आणि पोरगा भलत्याच ठिकाणी जाऊन शोधू लागला. त्यांच्या वहीत ओळी सोळाच्या पटीत मोजतात. त्यांची '२०' म्हणजे आपली ३२. हा हिशेब अंगवळणी पडायला आम्हांला दोन रविवार लागले.)

दुसरा तुकडा ऐकताना आम्ही तोंड सांभाळले. ऐकून झाल्यावर म्हणालो, "दुसऱ्या पानाच्या मध्यावर धून आमच्या हातून सुटते. मागचा आवाज काढून टाक." त्याने ती जागा चारदा वाजवली. मग एकेक रकाना बंद करून वाजवली. ट्रॅकरमध्ये ती सोय असते आणि नवख्याने ती रोज वापरावी. तेव्हा उलगडा झाला. दोन्ही चौकोनी लाटा एकाच सप्तकात, एकाच रंगाच्या, एकमेकींवर चालत होत्या. चौकोनी लाट किती वेळ वर राहते आणि किती वेळ खाली, या प्रमाणावर तिचा रंग ठरतो. निम्मी-निम्मी असली तर आवाज पोकळ आणि गोल. साडेबारा टक्के वर ठेवली तर बारीक, नाकातला. पंचवीस टक्क्यांची या दोहोंच्या मध्ये. पंचाहत्तरचीही सोय आहे, पण कानाला ती पंचवीससारखीच लागते. पोराने मागचा आवाज काढला नाही. त्याचा रंग साडेबारा टक्क्यांचा केला, जोर सोळा पायऱ्यांपैकी पाच-सहा पायऱ्या उतरवला, आणि धून स्वच्छ वर आली.

आमचे म्हणणे जागेपुरते बरोबर ठरले आणि उपायापुरते चुकले. ही गोष्ट आम्ही पुढे पुष्कळदा पडताळून पाहिली. ऐकणाऱ्याला दुखते कुठे ते कळते. औषध मात्र करणाऱ्याला ठाऊक असते, किंवा त्याने ते शोधायचे असते. तीन माणसे तीन निराळे उपाय सांगतात. एक म्हणतो ठेका वाढव, दुसरा म्हणतो गती कमी कर, तिसरा म्हणतो हा भागच गाळ. नवखा भांबावतो, किंवा तिघेही मूर्ख आहेत असे ठरवतो. पण तिघांनी बोट ठेवले आहे ते एकाच पानावर, हे त्याने पाहिले पाहिजे. त्या पानात काहीतरी आहे खास.

उपाय सांगण्याची खोड वाईट आहेच. त्याहून वाईट, यंत्र न जाणता उपाय सांगण्याची. फॅमिकॉमच्या धूनविषयी हमखास येणारा सल्ला म्हणजे 'खर्ज जरा हळू कर'. आता त्या यंत्राच्या त्रिकोणी लाटेला आवाज कमीजास्त करण्याची सोयच नाही; ती वाजते तरी किंवा गप्प असते तरी. सूर आखूड तोडणे, सप्तक बदलणे, बाकीचे आवाज चढवणे, एवढेच मार्ग आहेत. नवखा हा सल्ला ऐकून तासभर बटणे शोधतो आणि आपल्यालाच काही येत नाही, असे समजून खचतो. तसेच 'खरा तबला घाल', 'गिटार घाल' म्हणणारे. त्यांचे आभार मानावेत आणि विषय बदलावा.

आणखी एका युक्तीविषयी सांगतो, कारण तिच्यावर सर्वांत जास्त गैरसमज होतात. तीन सूर एकदम वाजवायचे आहेत पण रकाना एकच मोकळा आहे. मग ते तीन सूर इतक्या भराभर आळीपाळीने वाजवायचे की कानाला ते एकत्र भासावेत. यंत्र सेकंदाला ६० वेळा, युरोपातील यंत्रे ५० वेळा, सूर बदलू शकतात. याला आर्पेजिओ म्हणतात. वहीत नुसते '०४७' लिहिले की झाले: मूळ सूर, त्यावर चार पडदे आणि सात पडदे. आपल्या भाषेत सा, शुद्ध गंधार, पंचम. '०३७' लिहिले तर गंधार कोमल होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही गुळण्यांसारखी गुरगुर वाटते, आणि तो म्हणतो, 'आवाज फाटतोय'. त्याला तसे वाटले हे खरेच आहे, आणि त्याने ते सांगावे. पण करणाऱ्याने ते ऐकून एकदम युक्ती टाकून देऊ नये. त्या माणसाला ही भाषा नवी आहे की आपणच ओळीओळीला '०४७' पेरून ठेवले आहे, हे तपासावे. खरे सांगायचे तर नवख्यांच्या बाबतीत बहुधा दुसरे कारण असते. नवी युक्ती हाती आली की माणूस ती मिठासारखी वापरतो. सगळे आवाज सतत वाजत ठेवणे, सगळ्यांचा जोर पूर्ण ठेवणे, चार मात्रांचा एकच तुकडा न बदलता फिरवीत राहणे, ही त्याचीच भावंडे.

स्तुतीविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या समाजात तिचे पीक अमाप येते. पत्रकाचा मसुदा आम्ही बैठकीत वाचून दाखवतो तेव्हा निम्मी मंडळी 'झकास' म्हणतात. त्या 'झकास'ने आमचे एकही पत्रक सुधारले नाही. तरुणपणी एका वयस्क विणकराने आम्हांला सांगितले होते, "तिसऱ्या ओळीला माझे लक्ष उडाले बघ." ती ओळ आम्ही सात वेळा लिहिली. स्तुती करायचीच तर तीही ठिकाण सांगून करावी: अमुक पानावर खर्ज एक ठोका उशिरा आला, तेव्हा अंगावर काटा आला. म्हणजे करणाऱ्याला कळते की हे पुन्हा करण्याजोगे आहे. नुसते 'छान' आणि नुसती 'पिपाणी' यांत नवख्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हींतून हाताला काही लागत नाही. फरक एवढाच की एकाने तो फुगतो, दुसऱ्याने विझतो.

युरोपात या मंडळींचे मेळे भरतात. फिनलंडमधला असेम्ब्ली हा मेळा १९९२ पासूनचा. तिथे धून मोठ्या सभागृहात सर्वांसमोर वाजते आणि हजर असलेले लोक मते देतात. ज्या परंपरेत हे मेळे वाढले तिला फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली आपल्या जिवंत वारशाच्या यादीत जागा दिली. मताच्या पेटीवर आमची श्रद्धा आहे. तरी नवख्याला मतांतून फार मिळत नाही, असे आमचे मत आहे. त्याला क्रमांक मिळतो, कारण मिळत नाही. त्यापेक्षा तासाभराच्या स्पर्धा आम्हांला बऱ्या वाटतात: सर्वांना एकच तास, तास संपला की धूनी एकत्र करायच्या आणि भाग घेणाऱ्यांनीच एकमेकांच्या ऐकायच्या. त्याच घड्याळाखाली घाम गाळलेला माणूस शेजाऱ्याच्या कामाविषयी जपून बोलतो, आणि नेमके बोलतो.

नवखे पुष्कळदा म्हणतात, आम्हांलाच काही येत नाही, आम्ही दुसऱ्याला काय सांगणार? आमच्या कामगार भगिनी पहिल्या बैठकीत हेच म्हणत. पण हात नवखा असला तरी कान नवखा नसतो; वीस वर्षे तो ऐकतोच आहे. दुसऱ्याची वही उघडावी, एकदा डोळे मिटून ऐकावे, एकदा ओळींवर नजर ठेवून, मग एकेक रकाना बंद करून. जिथे कंटाळा आला, जिथे मान डोलली, जिथे गोंधळ उडाला, ती ओळ टिपावी आणि तेवढेच कळवावे. असे करणाऱ्याच्या स्वतःच्या कामात किती फरक पडतो, ते या मुलात आम्ही पाहिले. दुसऱ्याच्या वहीत गर्दी दिसली की माणूस आपली वही चाळतो.

घेणाऱ्याची बाजू अवघड आहे. ऐकवण्यापूर्वीच 'अजून कच्चे आहे', 'घाईत केले' म्हणून ढाल पुढे करायची. ऐकवल्यावर प्रत्येक शंकेला उत्तर द्यायचे. हे आम्ही वाटाघाटींच्या मेजावर केले आहे, म्हणून चांगले ओळखतो. तिथे ते चालते, कारण समोरचा विरोधी पक्ष असतो. धून ऐकणारा विरोधी पक्ष नसतो. आणि 'कसे वाटले?' असे विचारू नये. त्याला 'छान' हेच उत्तर मिळणार. नेमके विचारले तर साध्या माणसालाही नेमके सांगता येते.

आमच्या मुलाला हे आता साधले आहे. परवा त्याने नवा तुकडा पाठवला, सोबत एक ओळ: "काका, चौथ्या पानावर गोंगाटाचा ठेका जड होतो का, तेवढेच सांगा." आम्ही हेडफोनवर दोनदा ऐकला आणि कळवले की ठेका जड वाटत नाही, पण पानाच्या शेवटी धून पुन्हा पहिल्या पानावर वळते, तिथे एक ठोका गळल्यासारखा वाटतो. तासाभराने त्याचे उत्तर आले: "हो, शेवटच्या ओळीत मुद्दाम गाळला आहे. तुम्हांला ऐकू आला म्हणजे ठीक आहे. तसाच ठेवतो."

आम्ही तिसऱ्यांदा ऐकला. आम्हांला अजूनही तिथे ठेचकाळल्यासारखे होते.